उभ्यानं घालायचा बूट

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा मला खोली कोणी देईना. एकटी बाई, त्यात कधीही ड्यूटीवर जाणार-येणार. शेवटी ज्या माणसानं खोली दिली, त्यानं माझी चौकशी न करता स्वतःबद्दलच सांगितलं.

"एक तं या घरात कातड्याचा वास असते. मंग म्हनान, सांगतलं नाई. आन् दुपारी धाडकन आवाज आला का भेवाचं नाई. तो माया साप असते."

मी अमरावतीची. वऱ्हाडी बोलणं मला नवं नव्हतं, पण पाळलेल्या सापाशेजारी राहायची तयारी नव्हती. तरी दुसरी खोली नव्हती म्हणून ट्रंक घेऊन आले. दोनेक दिवसांनी दुपारी धाडकन आवाज झाला आणि मी दारातून डोकावले. मिस्त्री अंगणात उकिडवे बसले होते. त्यांना सगळी वस्ती मिस्त्रीच म्हणायची. समोर लाकडी फर्म्यावर एक बूट चढवलेला होता. हातात मोगरी होती आणि मोगरीच्या तोंडात ग्रामोफोनच्या दोन सुया ठोकून बसवल्या होत्या. हा त्यांचा साप. त्यांनी तो पुन्हा बुटावर हाणला, मग बूट काढून आतलं अस्तर उलटं केलं आणि भिंग लावून पाहिलं. सुईचं टोक आत आलं होतं.

"मेली," ते म्हणाले, आणि बूट भिंतीकडे भिरकावला. तिथं अशा बुटांचा ढीग पडला होता.

घरमालक असे असतात हे मला माहीत नव्हतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, वाळकी अंगकाठी, कानावर शिसपेन्सिल. एका पायात एक बूट, दुसऱ्या पायात भलताच. दोन्ही त्यांनीच केलेले आणि दोन्हींची परीक्षा चालू. बाजारात पोरं मागून ओरडत, "मिस्त्री, जोड हरवला!" ते वळूनसुद्धा पाहत नसत. लढाईच्या काळात ते पलटणीच्या मोचीखान्यात होते. तिथून येताना सगळ्यांनी घोंगड्या आणल्या, ट्रंका आणल्या. यांनी कुणा मेलेल्या गोऱ्या साहेबाचा डाव्या पायाचा एक बूट आणला. घोट्यापर्यंतचा, लेस नसलेला, दोन्ही बाजूंना रबरी विणीची पट्टी. तो त्यांनी टाका-टाका उसवून पाहिला होता आणि तसाच, उसवलेला, खुंटीला टांगून ठेवला होता.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. गिऱ्हाइकाला बसायला तिथं काहीच नव्हतं. कुणी खाली टेकलं की मिस्त्री खेकसायचे, "बसून बूट घालाले का पंगत हाय? उभे राहा." ज्याला उभ्यानं पाय घालता येईल तोच बूट, असं त्यांचं ठाम मत. लेसवाले बूट दुरुस्तीलासुद्धा घ्यायचे नाहीत. एका वकिलाचे परत पाठवले तेव्हा वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, कपाळावर हात मारून म्हणाल्या, "घरी आलेली लक्ष्मी परतवता." तर म्हणाले, "तिच्या पायात लेस होती."

मी एकदा मोठ्या हुशारीनं म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या वाडवडलांना कमरेत वाकायला लावलं जगानं, म्हणून तुम्ही न वाकता घालायचा बूट काढला, होय ना?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "शिस्टर, तुमी लई पुस्तकं वाचता. पहाटे बाई वेचनीले निंगते तवा तिच्या कमरेवर लेकरू असते, डोक्शावर पोटलं असते. तिचा कोनता हात मोकळा हाय लेस बांधाले? लेसचा बूट देसान तं ते घरीच ठेवीन. आन् बाई दिवसातून किती डाव पायातलं काढते ते पाह्यलं का कधी? सासऱ्यासमोर काढते, देवासमोर काढते, चुलीजवळ काढते. आंगठ्यानं दाबला का निंगाला पाह्यजे, पाय देल्ला का शिराले पाह्यजे."

हे सगळं कापूस वेचणाऱ्या बायांसाठी का, ते वहिनींनी सांगितलं. मिस्त्रींची धाकटी बहीण कपाशीत घोणस चावून गेली होती. घोट्यावर चावली. रजेवर आलेले मिस्त्री तिला बैलगाडीत घालून बाळापूरकडे निघाले आणि अर्ध्या वाटेवरून गाडी परत वळवावी लागली. स्वतः मिस्त्री याबद्दल एक अक्षर बोलत नसत. मी दवाखान्यातून आले की मात्र रोज एकच प्रश्न: "आज पान लागलेलं कोनी आलं?" खऱ्या सापाला साप म्हणायची त्यांची तयारी नव्हती. आलं असेल तर पुढचा प्रश्न: "पायाले? कुठं?" आणि मी दाखवीन तिथं ते स्वतःच्या पायावर पेन्सिलीनं खूण करत. त्यांचे घोटे खुणांनी भरलेले असत.

घरातला खरा ताण दुसराच होता. छप्पन साली त्यांच्या सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली. थोरले भाऊ रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला, वस्तीत त्यांच्या शब्दाला मान. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, कातड्याला शिवायचं नाही, ही शपथ त्यांनी घरोघरी फिरून घ्यायला लावली होती. आणि त्यांच्याच सख्ख्या भावाच्या दारावर कातडी वाळत. एका रविवारी ते आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. मी आत वहिनींजवळ तांदूळ निवडत होते.

"बापाची पाठ ढोरं ओढून वाकली," थोरले म्हणाले. "आपुन ते सोडलं. लोकायच्या शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, पन सोडलं. आन् तू ते पुना घरात आनलं."

"मी ढोर ओढून नाई राहिलो, दादा. बूट करून राहिलो."

"लोकं इचारतात मले. काय सांगू?"

"सांग, भाऊ येडा हाय."

"तेच सांगतो," थोरले म्हणाले. "आजपासून तुया घरचं पानी मले नाई."

ते गेले. वहिनींच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मिस्त्री आत आले, कोनाड्यातून कातडं कापायची रापी घेतली आणि धार लावायला बसले. जेवायला उठले नाहीत.

कातड्याचं जमत आलं होतं. पट्टीचं जमत नव्हतं. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून ते पट्ट्या करत, त्या बुटाला लावत, आणि वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात त्या महिन्याभरात तडकत. लिंबाच्या फांदीला अशा पट्ट्या टांगून खाली विटा बांधलेल्या असत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, काही करणी आहे. एकदा मी वॉर्डातला पोटाला बांधायचा जुना इलॅस्टिकचा पट्टा घरी आणला, वहिनींच्या दुखऱ्या पाठीसाठी. मिस्त्रींनी तो त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. ताणला, सोडला, पाण्यात बुडवून ताणला. "शिस्टर, हे कुठं भेटते?"

असे पट्टे शिवणारे एक चाचा अमरावतीत आमच्या घरामागच्या गल्लीत होते. मी सुटीवर जाताना मिस्त्री बरोबर आले. चाचांकडे मुंबईहून आलेली रुंद पट्टीची गुंडाळी होती. मिस्त्रींनी ती ताणायला सुरुवात केली ती थांबेचनात. एक टोक पायाखाली, एक दातांत. चाचा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मियाँ, लेना है या इससे कुश्ती लडनी है?"

"दोनी," मिस्त्री म्हणाले. परतीच्या गाडीत ती गुंडाळी मांडीवर घेऊन बसले होते, नात्यातलं लेकरू घेऊन बसावं तसे.

आता बूट देखणा झाला. पाय दिला की आत, टाचेशी दाबला की बाहेर. वहिनींनीसुद्धा घालून अंगणात फेरी मारली. मी बूट हातात घेऊन पाहत होते आणि सहज म्हणून गेले, "पण मिस्त्री, कातड्यातून दात जाणार नाही. या पट्टीतून जाईल की."

त्यांनी बूट माझ्या हातातून घेतला. मोगरी उचलली आणि पट्टीवर हाणली. सुया आरपार.

मग कित्येक दिवस त्यांनी मोगरीला हात लावला नाही. दुकान बंद. एकदा तर मला म्हणाले, "तुमी खोली पाहा दुसरी," आणि लगेच, "नको, राहा." शेवटी त्यांनी पट्टीच्या आत कातड्याची एक सैल जीभ लावली. खालच्या बाजूनं शिवलेली, वरून मोकळी. पाय शिरताना ती सरकायची, शिरल्यावर पट्टीमागे नीट बसायची. सुया पट्टीतून गेल्या आणि जिभेत अडकल्या. ते पुन्हा पुन्हा हाणत राहिले. त्या आवाजाची मला सवय झाली होती, पण त्या दुपारी मीही दारात उभी राहून पाहत होते.

वेचणी सुरू झाली तेव्हा ते पोतंभर बूट घेऊन बाळापूरकडल्या आपल्या गावी निघाले. मला म्हणाले, "तुमी चाला. पान लागल्यावर काय करा ते बायायले सांगा. तुमचं आयकतीन, मायं नाई आयकत." माझी सुटी होती. गेले.

सकाळी वस्तीतल्या बाया बूट घालून निघाल्या. कुणी हसत होत्या, कुणी पदर तोंडावर घेतला होता. पुढं मिस्त्रींची म्हातारी आत्या. वावराची वाट मालकाच्या घरासमोरून जायची. मालक ओट्यावर दात घासत होते, बाजूला दोन-चार माणसं.

"हे कोनती पलटन व?" मालकांनी विचारलं. माणसं हसली. मग मालक हसायचे थांबले. "बूट काढा. माया दारावरून बूट घालून कोनी जात नाई. वावरातबी नाई. झाडं तुडवतान."

बाया थांबल्या. आत्या म्हणाली, "मालक, इतकी वर्सं वेचून राहिलो. झाड तुडवलं का कधी?"

"काढा म्हनलं ना."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार. ते आत्याच्या पायाशी वाकले आणि घोट्याजवळ बोट घालून चाचपू लागले.

"आत्या, इथं लागून राहिलं का?"

"लागते थोडं."

"आतून का बाहेरून?"

"मी कोनासंगं बोलून राहिलो?" मालक ओरडले.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "थांबा ना बावा जरा. नवा हाय बूट, पाहून राहिलो."

मालक तोंडानं काही बोलले नाहीत. बाजूच्या सालदाराकडे, सालाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याकडे, पाहून त्यांनी नुसती मान हलवली. सालदार उतरला. त्याच्या हातात काठी होती आणि ती मिस्त्रींच्या मनगटावर बसली, आत्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर. हाड मोडल्याचा आवाज मी दवाखान्यात बऱ्याचदा ऐकला होता. इथं तो फार मोठा वाटला.

मिस्त्री मागे बसले, हात छातीशी धरून, आणि मला म्हणाले, "उजवा हाय ना?" जणू त्यांना खात्री करून घ्यायची होती. मी कुंपणातल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या ओढून काढल्या, आत्यानं लुगड्याचा काठ फाडून दिला आणि तिथंच, रस्त्यात, मी हात बांधला. "चला, गाडी बघू, अकोल्याला जाऊ," मी म्हणत होते. ते हलेनात. "या बाया वावरात जातीन मंग मी जातो."

आत्या रस्त्यात बसली. मग एकेक करून बाकीच्या बसल्या. आभाळ भरून आलं होतं आणि वावर पांढरंशुभ्र फुटलेलं होतं. पाणी आलं तर सगळा कापूस मातीत. ते मालकांना दिसत होतं आणि बायांनाही दिसत होतं. सालदार काठी घेऊन तसाच उभा. त्याच्याही पायात काही नव्हतं. त्या बायांत त्याची बायको होती. तिनं रडत रडत बूट काढले, मिस्त्रींजवळ ठेवले आणि अनवाणी उभी राहिली.

ऊन चढलं नाही, पण दुपार झाली. दूर गडगडलं. तेव्हा मालकांची म्हातारी आई दारात आली.

"काय रे, पानी आलं तं बोंडं काळी पडतीन. जाऊ दे त्यायले. पायात काय घालतात ते पाहाले तू त्यायचा सासरा हायेस काय?"

मालक आत निघून गेले. जा असंही म्हणाले नाहीत, राहा असंही नाही. आत्या उठली, पदर खोचला आणि चालू लागली. बाया तिच्यामागं वावरात शिरल्या. मिस्त्री त्यांचे पाय नजरेआड होईस्तोवर पाहत होते आणि मग एकदम माझ्या खांद्यावर कलंडले.

दवाखान्यात थोरले भाऊ आले. खाटेजवळ उभे राहून त्यांनी भावाचा हात पाहिला. मग म्हणाले, "चाल, रपट देऊ." हात गळ्यात बांधलेल्या भावाला त्यांनी स्वतः पोलीस ठाण्यात नेलं. तक्रार झाली, साक्षी झाल्या. पुढं सालदारानं माफी मागितली आणि मालकांचं नावही कुठं आलं नाही. थोरले त्यानंतर दर रविवारी येऊ लागले, भावाला हातानं भरवूही लागले. पण ज्या खोलीत कातडी होती त्या खोलीत त्यांनी शेवटपर्यंत पाऊल टाकलं नाही, आणि मिस्त्रींनीही कधी या म्हटलं नाही.

हाड वाकडं जुळलं. कातडं टोचायची आरी धरली की बोटं उघडायची. एका सकाळी भांड्यांचा आवाज थांबला म्हणून मी पाहिलं तर वहिनी फर्म्यासमोर बसल्या होत्या. इतकी वर्षं कातड्याच्या वासानं नाकाला पदर लावणारी ही बाई.

"सांगा. कुठं टोचू?"

"तुले नाई जमत."

"सांगा म्हनलं ना."

मग जे भांडण सुरू झालं ते पुढं वर्षभर चाललं. "तिरपी धर व!" "मंग अगोदर काहून नाई सांगतलं?" "सांगतलं, तुले आयकू येत नाई!" सगळी गल्ली ऐकायची. पण बूट होऊ लागले.

दुसऱ्या हंगामात मिस्त्री गावी गेले आणि काळवंडून परत आले. बुटांत पुरुष हिंडत होते. कुणी बाजाराला, कुणी लग्नाला. बाया पुन्हा अनवाणी. आत्यानं तेवढे आपले पेटीत कुलपात ठेवले होते. "अवो, नवऱ्यानं मांगतले तं नाई कसं म्हनाव?" असं बाकीच्या बाया म्हणाल्या म्हणे. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. त्यांनी जुने सगळे फर्मे चुलीत घातले आणि नवे कोरले, चवड्याशी इतके निमुळते की पुरुषाचा पाय शिरूच नये. वर पट्टीला गुलाबी रंग दिला. "घाला म्हना आता," ते म्हणाले. बुटांवर तो रंग भयंकर दिसायचा. पण पुरुषांनी ते घातले नाहीत.

नंतर एकदा वेचणीच्या दिवसांत सकाळीच हिवरखेडकडून एका मालट्रकमधून एक तरुण बाई आली. सासऱ्यानं खांद्यावर टाकून आणली. गुडघ्यावर दोरी करकचून बांधलेली. "घोनस होती, डोयानं पाह्यली," सासरा सांगत होता. बाईचे दात वाजत होते. पायात गुलाबी पट्टीचे बूट. लग्नात कुणा नातेवाइणीनं दिलेले. मिस्त्रींना ती ओळखतही नव्हती.

मी टाच धरून बूट ओढला, तो सहज निघाला. दात नेमके पट्टीवर बसले होते. दोन भोकं, आणि भोवती पिवळट ओल. पायावर खरचटल्यासारखी एक रेघ होती. ती दाताची की बूट घासल्याची, सांगता येईना. डॉक्टरांनी लस तयार ठेवायला सांगितली आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघू. हिरड्यांतून रक्त येतं का, लघवी लाल होते का, पाय फुगतो का. मी दर थोड्या वेळानं तिचे ओठ उचलून पाहत होते. ती मला विचारायची, "शिस्टर, मी मरून राहिली काय?" मी नाही म्हणत होते, पण मला माहीत नव्हतं.

मिस्त्रींना निरोप गेला. ते आले तेव्हा धापा टाकत होते. पहिल्यांदा बूटच मागितला. खिडकीशी नेऊन, डाव्या हातानं भिंग धरून, जीभ बाहेर ओढली. "इथं अडकला," ते म्हणाले. मग पुन्हा पाहिलं. "इथंच अडकला ना, शिस्टर? तुमी पाहा." मी पाहिलं. आतल्या अंगाला एका जागी कातडं किंचित वर आलं होतं. फुटलं होतं की नव्हतं? आम्ही दोघंही ते सांगू शकलो नाही. ते आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसले. मी त्यांना चहा पाठवला, तो तसाच परत आला.

पाच वाजता डॉक्टरांनी शेवटचं रक्त पाहिलं. नळीतलं रक्त नीट गोठलं होतं. विष भिनलं असतं तर गोठलं नसतं. "काही नाही. घाबरलीय नुसती. उद्या घरी सोडा."

बायांच्या वॉर्डात पुरुषांना यायला बंदी होती. मी दार उघडलं आणि मिस्त्रींना आत घेतलं. ते खाटेजवळ आले, जमिनीवर बसले आणि त्या बाईचा पाय दोन्ही हातांत धरला, एक हात सरळ, एक वाकडा. घोट्यावरून, पोटरीवरून चाचपत राहिले. बाई संकोचून पाय ओढू लागली.

"बावा, काहून पाय धरता माये? मी लहान हाय तुमच्याहून."

"सुजला नाई," मिस्त्री म्हणाले. मग मान खाली घालून पुन्हा, "सुजला नाई व माय."

काही वेळानं बाई उठून बसली आणि इकडंतिकडं पाहू लागली. "माया बूट कुठं हाय?"

तो मिस्त्रींच्या काखेत होता. त्यांना तो हवा होता हे मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत खऱ्या सापानं परीक्षा घेतलेला तो एकच. "हा इथंच राहू दे," ते चाचरत म्हणाले. "मी तुले दुसरा देतो. नवा."

"नवा कायले? हा मायाच पायाचा हाय," बाई म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी जीभ आणि पट्टी बदलून बूट आणून दिला. बाई खाटेवरून उतरली, उभ्यानंच दोन्ही पाय आत सारले आणि सासऱ्याच्या मागून फाटकाबाहेर पडली. मिस्त्री व्हरांड्यात उभे होते.

"दिला शेवटी?" मी विचारलं.

"तिचा हाय," ते म्हणाले. "माया थोडाच हाय."